ओव्हनची शुद्धता रोज तपासता, अर्थिंग कधी तपासणार?

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात विषय होता ‘बाबासाहेब आणि कामगार कायदे’. व्याख्यान झाले, प्रश्नोत्तरे झाली, चहा आला. तेवढ्यात मागच्या सतरंजीवर बसलेल्या एका ताईने विचारले, “दादा, आमच्या ऑफिसातल्या मायक्रोवेव्हला हात लावला की झिणझिण्या येतात. ह्याला कुठला कायदा लागतो?”

ताई एका बड्या कंपनीच्या कार्यालयात पॅन्ट्री सांभाळते. काम कंपनीचे, पण नोकरी ठेकेदाराची. दुपारी बारा ते अडीच दोनशे-अडीचशे डबे गरम होतात. त्यानंतर ओल्या फडक्याने ओव्हन आतून-बाहेरून पुसायचा, हे तिचे काम. पुसताना बोटांना झिणझिण्या येतात. एकदा तर कोपरापर्यंत झटका बसला. तिने सुपरवायझरला सांगितले. तो म्हणाला, “मावशी, स्लीपर घालून पुसत जा, काही होत नाही.”

आमच्यातले काही जण हसले. मग हसू थांबले, कारण ताई हसत नव्हती.

आम्ही विचारले, ओव्हन एकच आहे का? ती म्हणाली, दोन आहेत. एकावर हिरव्या अक्षरांत ‘फक्त शाकाहारी’ असे स्टिकर आहे, दुसऱ्यावर लाल अक्षरांत ‘मांसाहारी’. मागे कुणीतरी चुकून हिरव्या ओव्हनमध्ये अंड्याची भुर्जी गरम केली, तर तासाभरात सगळ्या मजल्याला ई-मेल गेला. ओव्हन दोनदा धुऊन घेतला. धुतला अर्थात ताईनेच. आणि ज्या ओव्हनमधून झिणझिण्या येतात, तो हाच हिरवा ओव्हन!

मित्रांनो, आमचा मुद्दा याच जागेवरून सुरू होतो. त्या पॅन्ट्रीत यंत्राची तपासणी होते आणि रोज होते. आत कोणाचा डबा गेला, कशाचा वास आला, कोणी नियम मोडला, यावर शंभर डोळ्यांचा पहारा आहे. पण प्लगची तिसरी पिन जागेवर आहे का, दरवाजा नीट लागतो का, हे गेल्या कित्येक वर्षांत एकाही डोळ्याने पाहिलेले नाही. शुद्धतेची तपासणी रोज आणि सुरक्षिततेची कधीच नाही. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचे जरूर वाचावे.

आधी यंत्र समजून घेऊ

आम्ही भीती विकणारे नाही. मायक्रोवेव्हमधून ‘रेडिएशन’ निघते, कॅन्सर होतो, अन्न विषारी होते, असले संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. बाबासाहेबांच्या अनुयायाने ते पुढे पाठवण्याआधी विज्ञान विचारावे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाचा भाग 2,450 मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो. त्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि अन्न तापते. क्ष-किरणांसारखी अणू फोडून आयन तयार करण्याची ताकद या लहरींत नसते. अन्न किरणोत्सारी होत नाही, आणि बटण बंद होताच लहरीही बंद होतात.

मग धोका कुठे आहे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिला धोका दरवाजाचा. लहरी आत कोंडून ठेवायचे काम दरवाजा, त्याची जाळी आणि कडा करतात. दरवाजा उघडला की यंत्र आपोआप बंद पडावे म्हणून आत एकापेक्षा अधिक सुरक्षा-खटके असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार आत 275 मिलिलिटर पाणी ठेवून यंत्र चालवतात आणि दरवाजापासून 5 सेंटीमीटरवर गळती मोजतात. ती दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलीवॅटपेक्षा जास्त असता कामा नये. चांगल्या स्थितीतल्या ओव्हनची गळती यापेक्षा पुष्कळ कमी असते आणि अंतर वाढले की झपाट्याने घटते. पण बिजागरी वाकली, खटका घासला, कडांवर वर्षानुवर्षांचे तेल साचले, जाळी फाटली, तर हा भरवसा राहत नाही. जास्त गळतीने ऊती भाजू शकतात. डोळ्यांना त्याचा धोका विशेष, कारण डोळ्याच्या भिंगातली उष्णता वाहून न्यायला तिथे रक्तवाहिन्याच नसतात.

दुसरा धोका विजेचा. हाच ताईचा धोका, आणि आपल्या कार्यालयांत खरा मोठा धोकाही हाच. ओव्हन हजार-दीड हजार वॅट वीज ओढतो. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि धड अर्थिंग लागते. धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी, हा या व्यवस्थेचा हेतू. पण सॉकेट लहान म्हणून कुणीतरी दोन पिनांचा जोड लावतो, वरची जाड पिन कापून टाकतो किंवा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन, कॉफीचे मशीन आणि केटल चढवतो. जमिनीत जाणारी वाट बंद झाली की पेटीत उतरलेली वीज दुसरी वाट शोधते. ती वाट म्हणजे ओले फडके हातात घेतलेली बाई.

तिसरा धोका दुरुस्तीचा. ओव्हनच्या पोटात हजारो व्होल्टचा मंडल असतो, आणि प्लग काढल्यावरही त्यातला कपॅसिटर काही काळ भारलेला राहू शकतो. तरीही “अरे, जरा खोलून बघ ना” म्हणून स्क्रू-ड्रायव्हर कोणाच्या हातात दिला जातो? हाऊसकीपिंगच्या पोराच्या.

कारखान्यातून निघताना पास, पुढे रामभरोसे

कायदाच नाही असे कुणी म्हणू नये. 2012 च्या आदेशाने मायक्रोवेव्ह ओव्हनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. पण तो तपासला जातो नवा असताना. पाच-सात वर्षे रोज शे-दोनशे वेळा दरवाजा आपटला गेल्यावर त्याची काय अवस्था झाली, हे विचारायला कोणती प्रयोगशाळा पॅन्ट्रीत येते?

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या विजेसाठी 1989 चे नियम आहेत. उपकरणे धोकारहित ठेवण्याची जबाबदारी त्यांनी मालकावर टाकली. दर वर्षी तपासलेच पाहिजे असे तो कायदा म्हणत नाही. धोका पाहून मुदत ठरवा, असे तिथले सुरक्षा खाते सांगते. तरी तिथल्या कार्यालयांतल्या केटलवर, ओव्हनवर एक छोटे स्टिकर दिसते : तपासले, अमुक तारखेला, पास. आपल्या पॅन्ट्रीतही स्टिकर आहे. त्यावर तारीख नाही, आहार आहे. एका समाजाने स्टिकर कशासाठी वापरले आणि दुसऱ्याने कशासाठी, यावरून दोन्हींची चिंता कळते.

गिरणीचा धोटा आठवा

हे नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचेखात्यात, पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा आणि धोटा सवर्ण विणकराच्या तोंडाला कसा लागणार? म्हणून आमच्या आज्या-पणज्यांना कमी पगाराच्या खात्यांत ढकलले गेले. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला : आमच्या माणसांना साचेखाते बंद का? वर्गाच्या एकजुटीचे भाषण करणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर देणे जड गेले.

आता या घटनेची दुसरी बाजू पाहा. तोंडाने धागा ओढणे ही पद्धतच मुळात घातक होती. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. कापसाची धूळ आणि दुसऱ्याचा रोग थेट आत जाई. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये कायदा करून असे धोटे बंद केले. आमच्याकडे त्याच धोट्यावर वाद झाला तो रोगाचा नव्हे, विटाळाचा. क्षयाचा जंतू चालला, महाराची लाळ चालली नाही. जातीने सवर्ण कामगारालाही वाचवले नाही. उलट, खरा धोका दिसू नये म्हणून तिने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

आजच्या हिरव्या ओव्हनची गोष्ट हीच आहे. त्याचे अर्थिंग तुटले तर झटका ताईला बसेल, तसाच आपला शुद्ध डबा काढणाऱ्या साहेबालाही बसेल. विजेला जात कळत नाही. पण झटका आधी कोणाला बसणार, जास्त वेळा कोणाला बसणार आणि कोणाची तक्रार ‘स्लीपर घाल’ म्हणून उडवली जाणार, हे मात्र जात आणि कंत्राट मिळून ठरवतात.

“आमची आवड आहे, तुम्ही कशाला जात काढता?”

हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाकाहारी माणसाशी आमचे भांडण नाही. आमच्याही घरांत आहेत. वासाचा त्रास होत असेल तर झाकण ठेवा, भांडे पुसा, खिडकी उघडा. आमचा प्रश्न वेगळा आहे. एका डब्यासाठी वेगळे यंत्र घ्यायला पैसे आहेत, ते राखायला नियम आहेत, मोडणाऱ्याला जाब विचारायला यंत्रणा आहे. आणि ज्या बाईचा जीव त्या यंत्राशी बांधलेला आहे, तिच्यासाठी एक इलेक्ट्रिशियन बोलवायला मात्र कोणाला सुचत नाही. पैसा आणि काळजी कुठे वळते, त्यावरून मूल्ये कळतात. तुमच्या तोंडच्या भाषणावरून ती कळत नाहीत.

आणि ही ‘आवड’ किती निरुपद्रवी असते, तेही आपण पाहिले आहे. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या खाणावळीत काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. देशातली सर्वात हुशार समजली जाणारी अभियंत्यांची संस्था! टेबलाची शुद्धता राखायला तिथे दंडाची रक्कमसुद्धा ठरली.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. “गटारात माणसे मरत आहेत, गावात अत्याचार होत आहेत, आणि तुम्ही मायक्रोवेव्हच्या पिना मोजत बसलात?” आम्ही म्हणतो, गटारात माणूस मरतो तोही तपासणी न झाल्यामुळेच मरतो. आत विषारी वायू आहे का हे मोजायचे यंत्र असते. 2013 च्या कायद्याखालील नियमांत सुरक्षा साधनांची यादीच दिली आहे. तरी माणूस दोरीला बांधून उतरवला जातो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली, पण वायू मोजणे कोणाला परवडत नाही. गटार आणि पॅन्ट्री यांच्यात धोक्याचे अंतर खूप मोठे आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ‘या माणसासाठी कशाला तपासायचे’ ही वृत्ती दोन्हीकडे एकच. ती पॅन्ट्रीत चालवून घेणारा समाज गटाराशी पोहोचल्यावर अचानक जागा होत नाही.

कायदा काय म्हणतो

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ची. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे तिच्या कलम 6 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. कलम 14 नुसार आपल्या सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मागण्याचा आणि अपुऱ्या व्यवस्थेबद्दल दाद मागण्याचा कर्मचाऱ्याला अधिकार आहे. म्हणजे “ओव्हन शेवटचा कधी तपासला?” हा प्रश्न उद्धटपणा ठरत नाही, तो कायदेशीर प्रश्न आहे. शिवाय कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद 21 च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

पण याच संहितेने दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, तेही सांगितले पाहिजे. केंद्राच्या 1970 च्या कायद्यात कंत्राटी कामगारांसाठीची मर्यादा 20 कामगारांची होती, ती आता 50 झाली. वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येत 10 चे 20 कामगार झाले. ताईच्या ठेकेदाराकडे त्या इमारतीत किती माणसे कागदावर दाखवली आहेत, कोण जाणे! संहितेचे दार जितके अरुंद होईल तितकी आपली माणसे बाहेर राहतील, कारण लहान ठेक्यांत, लहान शेडमध्ये, लहान पगारावर आपलीच माणसे आहेत.

आपण काय करायचे

आमच्या अभ्यासवर्गात एक इलेक्ट्रिशियन भाऊ आहे. त्याच्याशी बोलून आम्ही एक पानाची यादी केली. कोणत्याही कार्यालयात, शाळेत, वसतिगृहात ती चालेल.

एक : आधी डोळ्यांनी पाहा. वायर सोललेली, जळकी, चेपलेली आहे का? प्लगच्या तिन्ही पिना आहेत का? ओव्हन थेट 16 अँपिअरच्या भिंतीवरच्या सॉकेटला आहे की एक्स्टेन्शन बोर्डाला? बहुतेक दोष एवढ्या पाहण्यातच सापडतात आणि त्याला एक रुपया लागत नाही.

दोन : दरवाजा. नीट बसतो का, काच-जाळी तडकली आहे का, कडांवर घाण आहे का, आतल्या भिंतीवर गंज किंवा जळल्याचा काळा डाग आहे का? चालू असताना दरवाजा उघडला की यंत्र तत्क्षणी बंद पडलेच पाहिजे. नाही पडले तर प्लग काढा आणि ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा.

तीन : अर्थिंगची सलगता आणि इन्सुलेशन इलेक्ट्रिशियनने मीटरने व मेगरने तपासावे. पॅन्ट्रीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, ते पाहावे. त्याचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का, तेही बघावे.

चार : गळती मोजायची तर प्रमाणित मीटरनेच. ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून रिंग वाजते का पाहणे ही तपासणी नव्हे. त्या भानगडीत पडू नका.

पाच : पुसण्याआधी प्लग काढायचा, हे मराठीत आणि हिंदीत लिहून ओव्हनशेजारी चिकटवा. ते पुसणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि प्लग तिच्या हाताला पोहोचेल असा ठेवा. झिणझिण्या येत असतील तर मात्र तिने यंत्राला हातच लावायचा नाही.

सहा : तारीख, दोष आणि सही असलेली वही ठेवा. आणि त्या वहीत तक्रार लिहिण्याचा हक्क पॅन्ट्रीच्या ताईला असला पाहिजे. आठ तास त्या यंत्राशेजारी तीच उभी असते.

आयटीत, बँकेत, सरकारी कचेरीत पोहोचलेल्या आमच्या तरुण मित्रांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. तुम्ही आरक्षणाने, शिष्यवृत्तीने आणि आई-बापाच्या घामाने त्या काचेच्या इमारतीत पोहोचलात. डब्यात सुकट असेल तर तुम्ही तो गरमच करत नाही, थंड खाता किंवा घरून आणतच नाही. तुमची घुसमट आम्हाला कळते. पण तुम्ही जिथे गप्प बसता, तिथे ताई एकटी पडते. तिने तक्रार केली तर तिची नोकरी जाईल, तुम्ही ई-मेल लिहिला तर तुमची जाणार नाही. बाबासाहेबांनी तुम्हाला साहेब केले ते कशासाठी, याचे उत्तर कधी कधी एका तीन पिनांच्या प्लगपाशी द्यावे लागते.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. देशात वीज कशी पोहोचेल याचा विचार करणारा माणूस आणि मजुराच्या शरीराचा विचार करणारा माणूस एकच होता. आम्ही मात्र त्यांचे दोन तुकडे केले. वीज इंजिनिअरला दिली, मजूर युनियनला दिला आणि स्वतःकडे फक्त पुतळा ठेवला.

ताईच्या कार्यालयाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्याच मजल्यावर काम करणारा आपला एक मुलगा आमच्या सांगण्यावरून पॅन्ट्रीत गेला आणि ओव्हनच्या मागे वाकून पाहिले. दोन पिनांचा जोड होता. त्याने फोटो काढून प्रशासनाला ई-मेल केला, त्यात कलम 14 चा उल्लेख केला. चौथ्या दिवशी नवा ओव्हन आला, नवा सॉकेट बसला. ताई म्हणाली, आता झिणझिण्या येत नाहीत. आणि मग म्हणाली, “दादा, नव्या मशीनवर पहिल्या दिवशीच स्टिकर लावलं. तेच, हिरवं.”

तपासणीच्या तारखेचे स्टिकर अजून लागलेले नाही. त्या मुलाने दुसरा ई-मेल लिहिला आहे. तुम्ही तुमच्या कार्यालयात पहिला लिहा.

जय भीम! जय संविधान!